नसलेली नदी

(सार्वजनिक वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचं भाग्य मला लाभलं नाही. मी त्यांच्या शाळेत गेलो तो तपासणीला. मी नवा केंद्रप्रमुख होतो आणि ते निवृत्तीला टेकले होते. दप्तर पाहून झालं तसं त्यांनी कपाटातून एक शंभरपानी वही काढली. दर जूनला त्यात एक पान लिहिलेलं. वर मथळा : ‘यंदा करायचं’. खाली तीनच कामं. प्रत्येक कामापुढं करणाऱ्याचं नाव आणि मुदत. मुदतीला तारीख नव्हती, सण होते : पोळ्यापर्यंत, दसऱ्यापर्यंत, संक्रांतीपर्यंत. वर्ष संपताना त्याच पानाच्या तळाशी ‘झालं’ किंवा ‘झालं नाही’, आणि झालं नसेल तर का, ते एका ओळीत. मी विचारलं, ‘‘गुरुजी, हे कुणी मागवलंय?’’ ते म्हणाले, ‘‘साहेब, कुणी मागवत नाही म्हणून तर खरं लिहिता येतं.’’

पुढं मागवणारे आले. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या 21 व्या कलमानं शाळा व्यवस्थापन समिती आणली : तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या महिला, वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा. 22 व्या कलमानं या समितीकडं शाळा विकास आराखडा करण्याचं काम दिलं. माझ्या केंद्रातल्या शाळांचे आराखडे माझ्याकडं जमा होऊ लागले आणि मी त्यांवर सह्या करू लागलो.

आता एक कबुली देतो. त्यातल्या एका आराखड्यात लिहिलं होतं, ‘पावसाळ्यात मुलांना नदी ओलांडून शाळेत यावं लागतं, सबब नळकांडी पूल मिळावा.’ ती शाळा माळावरची. गावाला नदी तर सोडाच, धड ओढाही नाही. एका शाळेचा आराखडा दुसऱ्या शाळेनं उतरवून घेतला होता, गावाचं नाव तेवढं बदललं होतं. मुख्याध्यापकांची सही झाली, अध्यक्षांची झाली, माझी झाली, कागद वर गेला. नदी कुणालाच दिसली नाही. दुसऱ्या वर्षी समितीच्या सभेत मी तो आराखडा वाचून दाखवला, तेव्हा नातवंडांसाठी आलेले एक आजोबा म्हणाले, ‘‘साहेब, तुम्ही नदी तेवढी आणून द्या. पूल आम्ही वर्गणीतनं बांधतो.’’

सभा हसली. मीही हसलो. पण त्या रात्री झोप लागली नाही. गुरुजींच्या वहीत तीन ओळी होत्या आणि त्या तिन्ही खऱ्या होत्या. आमच्या बाड बांधलेल्या आराखड्यात नदी खोटी होती. हे असं का झालं, याचा शोध हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

सगळं खापर शिक्षकांच्या आळसावर फोडणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं आहे. केंद्र सरकारच्या 2010 च्या नियमांत आराखड्याचा जो नमुना आहे तो पाहा. तीन वर्षांचा आराखडा, त्यात वर्षावर्षाचे तीन भाग. त्यात काय असावं? पुढच्या वर्षांचा इयत्तावार पट, वाढीव शिक्षक किती लागतील, वाढीव खोल्या आणि साहित्य किती, आणि त्याला पैसा किती. पट सोडला तर उरलेल्या तिन्ही गोष्टी बाहेरून यायच्या. शिक्षक जिल्हा परिषद देणार, खोली बांधकाम विभाग बांधणार, पैसा समग्र शिक्षा योजनेतून येणार. जे शाळेच्या आणि गावाच्या हातात आहे ते विचारणारा रकानाच त्यात नाही. कितवीतल्या किती मुलांना वाचता येत नाही, हे तर कुठंच नाही. ज्या कागदावर फक्त मागायचंच असतं, त्यावर माणूस नदीसुद्धा मागतो.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. कायदा म्हणतो, हा आराखडाच शासनाच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा पाया असेल. प्रत्यक्षात संयुक्त शाळा अनुदान मिळतं ते पटावर. 30 पर्यंत मुलं असतील तर 10 हजार, 31 ते 100 असतील तर 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार. आराखडा कितीही विचार करून लिहा, रक्कम तीच. आणि नदी घालून लिहा, तरी तीच. ज्या कागदाला उत्तर येत नाही तो कागद काही वर्षांनी कुणी मनापासून लिहीत नाही. शिक्षकांनी आराखडा गांभीर्यानं घ्यावा असं सांगण्याचा अधिकार शासनानं आधी मिळवायला हवा. त्यासाठी प्रत्येक आराखड्याला लेखी उत्तर द्यावं : हे मंजूर, हे नामंजूर, हे पुढच्या वर्षी. एवढं झालं तरी निम्म्या नद्या आटतील.

आता थोडं मागं जाऊ. गावच्या शाळेचं नियोजन ही काही 2009 ची कल्पना नाही. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढं महात्मा जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, ते मी गावशाळेचा पहिला विकास आराखडा मानतो. शेतकऱ्यांच्या घामातून सरकारकडं जाणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आरोप आपल्याला पाठ असतो. पण त्याच निवेदनातला तपशील आपण वाचत नाही. मास्तर प्रशिक्षित हवा, आणि शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला. त्याला 12 रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावात 15 ते 20 असावा. मुलांना मोडी आणि बाळबोध वाचता-लिहिता यावं, हिशेब यावा, इतिहास, भूगोल, व्याकरण यांची तोंडओळख व्हावी, शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे मिळावेत. कुणी शिकवायचं, काय शिकवायचं, किती पैशात, हे तिन्ही त्यात आहे. तक्रार आहे, पण तिच्या पाठोपाठ कामाची यादीही आहे. पुढं 1917 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करणारा कायदा केला, त्यामागंही सामान्यांच्या मुलांपर्यंत शाळा पोचवण्याचा हाच विचार होता.

आणि मग जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेला हा माणूस स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत राबला आणि 1964 ते 66 या काळात कोठारी शिक्षण आयोगाचा सदस्य-सचिव झाला. आयोगानं दोन गोष्टी सुचवल्या. एक, शाळांचे समूह करावेत, म्हणजे एका माध्यमिक शाळेभोवती आसपासच्या प्राथमिक शाळा जोडाव्यात आणि त्यांनी साधनं, माणसं, अनुभव वाटून घ्यावेत. दुसरी, दर शाळेनं आपली योजना आपण करावी. नाईकांचा भर कशावर होता? हाताशी जे आहे त्याचा अधिक चांगला वापर कसा होईल, यावर. जे नाही त्याची यादी ही योजनेची सुरुवात होऊ शकत नाही. गुरुजींनी नाईक वाचले होते की नाही मला माहीत नाही. वही मात्र नाईकांच्या विचाराची होती.

आता शाळेत चला. समजा, आपल्याच तालुक्यातली 46 मुलांची, दोन शिक्षकांची शाळा आहे. 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं कायद्याचं परिशिष्ट सांगतं. म्हणजे पाच इयत्ता आणि दोन शिक्षक, हे वास्तव तीन वर्षं तरी बदलणार नाही. इथं आराखड्याची सुरुवात कुठून करायची?

मोजण्यापासून. पण रजिस्टरात मोजून भागणार नाही. पुढच्या तीन वर्षांची पहिली आज अंगणवाडीत बसलेली आहे. सेविकाताईंच्या रजिस्टरातून तीन, चार आणि पाच वर्षांची मुलं उतरवून घ्या. यंदाच्या तिसरी, चौथी आणि पाचवीतली किती बाहेर पडणार ते वजा करा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि शाळेचं भविष्य त्या एका कागदावर दिसतं. पट 31 वरून 30 वर आला तर अनुदान 25 हजारांवरून 10 हजारांवर येतं. ते कधी होणार, हे तीन वर्षं आधी समजू शकतं. मग त्या घरांत जायला वेळ मिळतो, खासगी शाळेची पिवळी व्हॅन दाराशी येण्याच्या आधी.

मग आपल्या भागाचं दुखणं. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे किती शिक्षक मिळणार ते ठरतं. त्या दिवशी वर्ग भरलेला असतो. मग साखर कारखान्यांचा हंगाम येतो, मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि दिवाळीनंतर वर्गात निम्मी मुलं दिसतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. तिथं धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण लागते, म्हणून तीही उसाच्या फडावर. मार्च-एप्रिलला ती परत येते तेव्हा अक्षरं विसरलेली असते. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीत, ही मुलगी वर्षभर शाळेतच असते.

ज्या शाळेत हे घडतं, तिच्या आराखड्यात पहिलं पान ऑक्टोबरचं हवं. कोणतं घर जाणार, कोणत्या घरात आजी मागं राहणार, किती मुलं थांबवता येतील, हे दसऱ्याच्या आत कळलं पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालणारी हंगामी वसतिगृहं आपल्याकडं आहेत. पण मुलं गेल्यावर प्रस्ताव पाठवला तर ते वसतिगृह कागदावरच चालणार. जी मुलं जाणारच आहेत त्यांच्या दप्तरात काय द्यायचं, फडाजवळच्या शाळेत त्यांची नोंद कोण करणार, परत आल्यावर पहिले पंधरा दिवस काय शिकवायचं, हेही आराखड्यातच हवं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढं कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम मांडलं, तेव्हा गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मुलाचा दिवस कसा जातो ते आधी पाहिलं, वेळापत्रक नंतर केलं. हा क्रम आपण उलटा करून बसलो आहोत.

यानंतर सोयी. इथं एक प्रसंग सांगतो. एका सभेत सोयींची यादी चालली होती. ‘मुलींचे स्वच्छतागृह : आहे.’ लिहून झालं. आम्ही पुढच्या रकान्यावर गेलो. तेवढ्यात मागं बसलेली एक आई पदर सावरत म्हणाली, ‘‘आहे म्हणता, पण आतनं कडी न्हाई. पोरी मधल्या सुट्टीत घरी येत्यात, पुन्हा जात न्हाईत.’’ दुपारनंतर मुलींची हजेरी का पडते, याची कारणं आम्ही तिघं अधिकारी दोन वर्षं शोधत होतो. त्या बाईनं ते एका वाक्यात सांगितलं. कडी दुसऱ्या दिवशी बसली. निम्म्या महिला सभासद असाव्यात असं कायदा का म्हणतो, ते मला त्या दिवशी समजलं. म्हणून ‘आहे/नाही’ हे रकाने फाडून टाका. त्याऐवजी लिहा : ‘वापरात आहे का? नसेल तर का?’

अशा दुरुस्तीसाठी पैसा कुठून? संयुक्त अनुदानातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. 25 हजारांतले अडीच हजार. त्यात कड्या, बादल्या, नळाच्या तोट्या होतात. पाण्याची टाकी आणि मोठी दुरुस्ती यांसाठी ग्रामपंचायतीकडं जा. वित्त आयोगाच्या बंधित निधीत पाणी आणि स्वच्छता हीच कामं येतात. पण त्यासाठी शाळेची मागणी ग्रामपंचायत विकास आराखड्यात वेळेवर चढली पाहिजे. माझा अनुभव असा, की शाळेचा आराखडा आणि ग्रामपंचायतीचा आराखडा एकाच गावात, कधी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना तयार होतात आणि एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. मुख्याध्यापक हा समितीचा सचिव असतो. त्यानं आपला कागद घेऊन ग्रामपंचायतीकडं चार पावलं जायची असतात, एवढंच.

आता मूळ गोष्ट : शिकणं. खोल्या, रंग, टॅब, प्रोजेक्टर हे सगळं ज्यासाठी आहे ती गोष्ट. गुणवत्तेची चर्चा आपण टक्केवारीत करतो. 46 मुलांच्या शाळेत टक्के कशाला हवेत? नावं लिहा. ज्यांना सलग वाचता येत नाही त्यांची नावं, जी हातच्याच्या वजाबाकीत अडतात त्यांची नावं. बहुधा दहा-बारा निघतील. ही यादी भिंतीवर लावायची नाही, मुलांना तिचा पत्ताही लागता कामा नये. ती शिक्षकाच्या टेबलात असावी आणि दर महिन्याला तिच्यातलं एक-दोन नाव कमी व्हावं. दोन शिक्षकांनी पाच इयत्ता वेगवेगळ्या शिकवण्याचा हट्ट सोडून वाचनाच्या तासाला मुलांना येतं त्याप्रमाणं बसवावं, मग इयत्ता कोणतीही असो.

साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळांनी हे काही वर्षांपूर्वी करून दाखवलं. मुलं गटात, जमिनीवर, हातात साहित्य घेऊन स्वतः शिकताहेत, हे पाहायला राज्यभरातून शिक्षक तिकडं गेले. 22 जून 2015 चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा शासन निर्णय आला तो त्याच वातावरणात. पण मग आपण काय केलं? कुमठ्याला जाऊन आलो आणि आपल्या शाळेच्या फरशा रंगवल्या. फरशी रंगवायला पैसे लागतात आणि ते वर्गणीतून मिळतात. शिकवण्याची रीत बदलायला रोजचा विचार लागतो, त्याची वर्गणी मिळत नाही. ज्या शाळांनी फक्त फरशी आणली त्यांचा रंग दोन पावसाळ्यांत उडाला. दुसऱ्याचा आराखडा उतरवणं आणि दुसऱ्याची फरशी उतरवणं, दोन्ही एकच.

शाळेची वाढ म्हणजे काय, हाही प्रश्न विचारू. कायद्यानं प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी. आपल्याकडं बऱ्याच जिल्हा परिषद शाळा चौथीवर थांबतात आणि दहा वर्षांची मुलगी पाचवीला दुसऱ्या गावी जाते किंवा जात नाही. अशा ठिकाणी पाचवी जोडणं ही खरी वाढ. खालच्या बाजूनं, अंगणवाडी शाळेच्या आवारात आणणं ही खरी वाढ. या वाढीला नवी इमारत लागेलच असं नाही. पडक्या खोलीचं निर्लेखन आणि चांगल्या खोलीची डागडुजी बहुतेक वेळा पुरते.

आणि ज्या शाळा लहानच राहणार? 20 हून कमी पटाच्या शाळा 2023 मध्ये राज्यात चौदा हजारांच्या वर होत्या. त्याच वर्षी त्यांच्या समूह शाळा करण्याचा विचार पुढं आला. मोठ्या शाळेत मुलाला सोबती जास्त मिळतात, हे मला मान्य आहे. पण पहिलीतल्या पोराला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, असा नियम आहे. वस्ती-तांड्यावरच्या पोरीला रोज गाडीनं दूर पाठवायला आई तयार होत नाही, हे या सभागृहातल्या कुणालाही सांगायला नको. कोठारी आयोगाच्या समूहात लहान शाळा टिकून होत्या, एकमेकींचा आधार घेऊन. आपल्या समूहात त्या बंद होणार असतील तर शब्द तोच राहिला आणि अर्थ बदलला. नव्वदच्या दशकात आपण केंद्रशाळा केल्या, केंद्रप्रमुख नेमले, त्याचं मूळ त्याच विचारात होतं. केंद्रातल्या दहा शाळांनी ग्रंथपेटी, विज्ञानाचं साहित्य, चित्रकला शिकवणारा एक शिक्षक वाटून घेतला तर लहान शाळेचं एकटेपण बरंच कमी होतं. मी केंद्रप्रमुख असताना हे पुरेसं केलं नाही. माझे दिवस माहिती गोळा करण्यात गेले.

शिक्षकांच्या बाजूनंही एक बोललं पाहिजे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक काम देऊ नये, असं 27 वं कलम सांगतं. रिक्त जागा दहा टक्क्यांहून जास्त असू नयेत, असं 26 वं कलम सांगतं. ही दोन कलमं पाळली जात नसतील, तर दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक बैठकीत आणि दुसरा मोबाइलवर माहिती भरताना दिसणार. आराखडा तेव्हा कोण राबवणार? समितीच्या अध्यक्षांनी हा प्रश्न तालुक्याला विचारावा. शिक्षकाला तो विचारता येत नाही, पालकाला येतो.

शिवाय बदल्या. चांगला शिक्षक येतो, शाळा उजळते, त्याची बदली होते, शाळा विझते. आपण मग त्या शिक्षकाचे निरोप समारंभ करतो आणि रडतो. रडण्याऐवजी त्यानं काय, कसं, कोणत्या क्रमानं केलं ते लिहून घेतलं असतं तर नव्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागली नसती. शिक्षक बदलतात, पालक गावातच असतात. म्हणून वही समितीकडं हवी.

गुरुजी गेल्यानंतर मी त्या शाळेत गेलो होतो. वही सापडली नाही. कपाट बदललं होतं, जुनं दप्तर रद्दीत गेलं होतं. त्यांची तीस-बत्तीस वर्षांची ‘झालं’ आणि ‘झालं नाही’ किलोच्या भावानं गेली. या व्याख्यानमालेपेक्षा ती वही राहिली असती तर गुरुजींचं अधिक खरं स्मारक झालं असतं, असं मी सभेच्या अध्यक्षांची क्षमा मागून म्हणतो.

तेव्हा शेवटची विनंती. आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या निदान तीन महिने आधी तयार व्हायचा असतो, म्हणजे डिसेंबरअखेर. त्यानंतर 26 जानेवारीची ग्रामसभा येते. त्या ग्रामसभेत झेंडावंदन झाल्यावर उठून एवढंच म्हणा, ‘‘आपल्या शाळेचा आराखडा मोठ्यानं वाचून दाखवा.’’ शांतपणे ऐका. त्यात तुमच्या अंगणवाडीतली मुलं आहेत का, फडावर गेलेली मुलं आहेत का, कडी आहे का, आणि कामापुढं कुणाचं नाव आहे का, ते पाहा. आणि ऐकता ऐकता मध्येच गावात नसलेली एखादी नदी आली, तर हात वर करा.